खेळाडूचा स्काऊट झाला की नक्की बदलतं काय? (इंगे हॅमरस्ट्रॉम)

निळीरेषा: आइस हॉकीतल्या स्काऊट लोकांबद्दल (टीमसाठी नवे खेळाडू हेरणारे) वाचत होतो तर इंगे हॅमरस्ट्रॉम हे नाव सारखं येतंय. स्वीडनचा, एनएचएल (अमेरिका-कॅनडातली मोठी आइस हॉकी लीग) खेळला आणि नंतर तिथल्याच फिलाडेल्फिया फ्लायर्स टीमसाठी पोरं शोधायचा. कोणाला नीट माहितीये का? खेळाडू म्हणून कसा होता?

जुनापक: चांगला होता रे. खरी गंमत तो एनएचएलमध्ये आला कसा त्यात आहे. टोरांटो मेपल लीफ्स टीमचा स्काऊट जेरी मॅकनमारा, स्वतः आधी गोलकीपर, स्वीडनला गेला होता एक गोलकीपर आणि ह्या हॅमरस्ट्रॉमला बघायला, पण मॅच बघता बघता नजर गेली हॅमरस्ट्रॉमच्याच ब्रूनेस टीमच्या एका डिफेन्समनवर (बचाव करणारा खेळाडू), तो निघाला बोरिए साल्मिंग! 1973 मध्ये दोघंही टोरांटोत. साल्मिंग पुढे हॉल ऑफ फेममध्ये, आणि ज्याच्यासाठी स्काऊट आला होता त्या हॅमरस्ट्रॉमला टोरांटोचा मालक हॅरोल्ड बॅलर्डकडून टोमणे, म्हणे हा खिशात अंडी घेऊन रिंकच्या कोपऱ्यात, जिथे जास्त झटापट होते तिथे, गेला तरी एक फुटणार नाही. म्हणजे धक्काबुक्कीला घाबरतो. तेव्हा स्वीडिश पोरांना सगळेच असं हिणवायचे. 1977 ला हॅमरस्ट्रॉमला सेंट लुईसच्या टीमकडे पाठवला, दोन वर्षांनी परत स्वीडन.

निळीरेषा: अरे बापरे, अंडी 😂 मग स्काऊट म्हणून?

कोपऱ्यातला: फोर्सबर्ग!! 1991 च्या ड्राफ्टमध्ये (टीम्स पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात ते) फ्लायर्सनी सहाव्या नंबरला पीटर फोर्सबर्ग उचलला, इतक्या वर कशाला असं तेव्हा बऱ्याच जणांना वाटलेलं, पण त्यामागे हॅमरस्ट्रॉमचा शब्द होता. आणि फोर्सबर्ग खेळायचा कसा, तर पक (हॉकीची चकती) पायाशी ठेवून अंगावर येणाऱ्यालाच उलटा धक्का द्यायचा. अंड्यांवरून चेष्टा झालेल्या माणसाने शोधलेला खेळाडू हा, काय बोलणार.

जुनापक: पण फायदा कोणाला? फ्लायर्सनी 1992 मध्ये एरिक लिंड्रॉस हा खेळाडू मिळवण्यासाठी फोर्सबर्ग, माइक रिची, रॉन हेक्स्टॉल, शिवाय दीड कोटी डॉलर असं बरंच काही क्वेबेकच्या टीमला देऊन टाकलं. क्वेबेकची टीम कोलोराडोला गेली आणि फोर्सबर्गने तिथे 1996 आणि 2001 चा स्टॅन्ली कप (एनएचएलचं विजेतेपद) जिंकला.

निळीरेषा: म्हणजे शोधायचं ह्याने आणि विकायचं वरच्यांनी.

कोपऱ्यातला: हो ना, नोकरीच तशी. ट्रेड (खेळाडूंची अदलाबदल) स्काऊटला विचारून थोडीच करतात. 2005 ला फोर्सबर्ग परत फ्लायर्सकडे आला खरा, पण तोवर पायाच्या दुखण्याने बेजार.