मदत हवी आहे : टिनिटस मोजणारी चाचणी आहे का?

आईच्या कानात सतत शिट्टीसारखा आवाज येतो. ऑडिओग्राम (ऐकण्याची तपासणी) झाला, टिनिटसचं निदानही झालं. पण त्रास किती, हे ठरलं २५ प्रश्नांच्या प्रश्नावलीवरून, म्हणजे तिच्याच उत्तरांवरून. नातेवाईक ‘मनाचे खेळ’ म्हणतात तेव्हा ती गप्प बसते. मला ते फार लागतं.

२०२५ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी आवाज ऐकवताना डोळ्यांच्या बाहुल्या किती विस्फारतात, चेहरा किती सूक्ष्म हलतो यावरून त्रासाचा अंदाज बांधला. मेलबर्नमध्ये मेंदूतला रक्तप्रवाह प्रकाशाने टिपणाऱ्या तंत्रावर काम झालंय. यातलं काही रुग्णांसाठी प्रत्यक्षात सुरू झालंय का? आणि बेरा चाचणीत (आवाजाला श्रवणनस आणि मेंदू कसा प्रतिसाद देतात ते मोजणारी) टिनिटसबद्दल काही कळतं, की ती फक्त श्रवणनसेचा दोष तपासायला? ऑडिओलॉजी किंवा ईएनटीतलं कुणी असेल तर कृपया सांगा.