चेकलिस्ट वाचूनही फ्लॅप राहिले कसे?

प्रश्न: ३१ ऑगस्ट १९८८ रोजी डलास-फोर्ट वर्थ येथे डेल्टा या अमेरिकी विमान कंपनीचे बोइंग ७२७ फ्लॅप (उड्डाणावेळी जादा उचल मिळावी म्हणून उघडायचे पंखांचे भाग) न उघडताच धावले व कोसळून १४ जण दगावले. चेकलिस्ट तर वाचली होती. मग चूक कशी निसटली?

उत्तर १: रांगेत थांबले असताना कॉकपिटमध्ये हवाईसुंदरीशी गप्पा रंगल्या होत्या. पुढे फ्लॅपचा पुकारा होताच ‘पंधरा, पंधरा, हिरवा दिवा’ (म्हणजे फ्लॅप १५ अंशांवर उघडले आहेत) हे ठरलेले उत्तर आले, जे ध्वनिमुद्रणात स्पष्ट आहे. माझ्या मते ते सवयीने आले, मापकाकडे पाहून नव्हे.

उत्तर २: सगळे खापर गप्पांवर फोडणे मला पटत नाही, कारण फ्लॅप न उघडता उड्डाण करू लागल्यास वाजायला हवा तो धोक्याचा भोंगाही वाजला नव्हता.

प्रश्नकर्ता: पण अनावश्यक बोलण्यावर बंदी होती ना?

उत्तर १: होती, १९८१ पासून, आणि टॅक्सी करतानाही (विमान जमिनीवरून धावपट्टीकडे नेतानाही) लागू.