मदत हवी आहे: व्हिडिओ बघताना सगळं समजतं, स्वतः लिहायला बसलो की काहीच सुचत नाही

नमस्कार मंडळी, पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा शिकायला घेऊन ३ महिने झाले, रोज २ तास बसतो, पण अभ्यासाची पद्धतच चुकतेय असं वाटायला लागलंय. व्हिडिओ बघत बघत सोबत कोड टाइप केला की चालतो, समजतोही, आणि दुसऱ्या दिवशी रिकामी फाइल उघडली की पहिली ओळ काय लिहायची तेच कळत नाही.

काल साधा प्रोग्राम होता, १ ते १० ची बेरीज. उत्तर ५५ यायला हवं, माझं ४५ येत होतं आणि एरर तर काहीच नाही. अर्धा तास नुसता स्क्रीनकडे बघत बसलो, मग वहीत तक्ता काढला, प्रत्येक फेरीला आय (चालू आकडा) किती, टोटल (तोवरची बेरीज) किती, तेव्हा दिसलं की लूप (तेच काम परत परत करणारा कोड) ९ वरच थांबतोय, कारण रेंजमध्ये (लूप कुठून कुठपर्यंत चालवायचा ते तिथे देतात) शेवटचा आकडा धरत नाहीत, १० पर्यंत जायचं तर ११ द्यावं लागतं. खरं सांगतो, त्या एका तक्त्याने जे डोक्यात बसलं ते इतक्या व्हिडिओंनी बसलं नव्हतं.

म्हणून विचारतोय, व्हिडिओ बंद करून फक्त प्रॉब्लेम सोडवत बसू का? कालचा कोड न बघता परत लिहून काढायचा सराव कुणी केलाय का? आणि अडलं की स्वतः किती वेळ झगडायचं? एआयला विचारलं की उत्तर लगेच मिळतं पण दोन दिवसांनी तीच चूक परत होते. ज्यांनी हा टप्पा पार केलाय त्यांनी तुम्ही नेमकं काय केलंत ते प्लीज सविस्तर लिहा.