मदत हवी आहे: 'ब्लॅक मंडे' बघताना एका ठिकाणी अडकलोय

डॉन चीडलची 'ब्लॅक मंडे' ही सिरीज बघतोय, १९८७ ची वॉल स्ट्रीट, एकमेकांचे पाय ओढणारे ट्रेडर, कॉमेडी आहे (आईबाबांसमोर लावू नका). पहिला सीझन संपला. त्यातलं शेअर बाजाराच्या क्रॅशचं कारण काल्पनिक आहे हे माहितीये, म्हणून खरं शोधायला गेलो तर सगळीकडे 'पोर्टफोलिओ इन्शुरन्स', म्हणजे बाजार पडायला लागला की इंडेक्स फ्युचर्स (शेअर निर्देशांकावरचे, पुढच्या तारखेचा भाव आज ठरवणारे करार) विकायचे, इथवर कळलं, दोन व्हिडिओ बघून वहीत आकृतीपण काढली. पण फ्युचर्स विकले जायचे शिकागोत, मग १९ ऑक्टोबरला न्यूयॉर्कमध्ये डाऊ (३० बड्या अमेरिकी कंपन्यांच्या शेअर्सचा निर्देशांक) एका दिवसात २२.६ टक्के कसा काय आपटला? शॉर्ट सेलिंग, मार्जिन कळतं मला, फॉर्म्युले नकोत, आणि दुसऱ्या सीझनचं काही फोडू नका प्लीज. शिकागोतली विक्री न्यूयॉर्कच्या शेअर्सपर्यंत नेमकी पोचवली कोणी?