विहीणबाईंशी बोलण्यापुरतं इटालियन नुसतं ऐकून येईल का?

दौलतगंजची_माई

नमस्कार मंडळी. मी ग्वाल्हेरची, लष्कर भागात राहते. 31 वर्षं शाळेत भूगोल शिकवला, आता घरीच. मुलगी इटलीत पादोव्याला, जावई तिथलाच. विहीणबाई डिसेंबरात पंधरा दिवस आमच्याकडे यायच्या आहेत आणि त्यांना इंग्रजीचा गंध नाही. लग्नात आम्ही दोघी शेजारी बसून तीन तास नुसत्या हसत होतो, गाल दुखले. मुलगी म्हणते, ‘आई, मी आहे ना मध्ये.’ पण विहिणी-विहिणींच्या गप्पा पोरीच्या तोंडून कशा करायच्या? अर्ध्या तिच्याबद्दलच असणार.

जावयानं फोनमध्ये ऐकायचा कोर्स घालून दिलाय. रोज अर्ध्या तासाचा एक धडा. सकाळी कुकर लावला की कानात घालते. 26 धडे झाले.

आता रडगाणं. कोर्स इंग्रजीतून, आणि कामानिमित्त हिंडणाऱ्या साहेबासाठी केलेला. हॉटेल कुठे, बिल आणा, बिअर घेणार का. मला ‘गुडघा कसा आहे’ आणि ‘अजून एक वाढू का’ पाहिजे. वर सांगणारा पुरुष. तो म्हणतो ‘सोनो स्तांको’, मी दमलो. मीही इमानेइतबारे ‘सोनो स्तांको’. तीन आठवडे! व्हिडिओ कॉलवर विहीणबाईंनी विचारलं कशा आहात, मी ठसक्यात तेच म्हटलं, तर नातू लोळायलाच लागला. ‘आजी मुलगा झाली!’ बाईनं ‘स्तांका’ म्हणायचं असतं म्हणे.

लहानपणी माधव संगीत महाविद्यालयात दोन वर्षं गाणं शिकले. तिथे आधी गळ्यावर चढवायचं, वही नंतर. इथेही तसंच करू का? की लिहून काढू? लिहायचं तर देवनागरीत की त्यांच्या अक्षरांत? कुणी घरबसल्या शिकलंय का?

राजवाडा_ते_तोरिनो

माई, मी इंदूरचा. कामासाठी दोन वर्षं इटलीत तोरिनोला होतो. जायच्या आधी चार महिने स्कूटरवर हेच केलं (हेल्मेटच्या आत पुटपुटायचो, पलासियाच्या सिग्नलला लोक बघायचे).

एक विचारतो. धड्यात प्रश्नानंतर जी शांतता असते, तिच्यात तुम्ही बोलता की उत्तर येऊन गेल्यावर त्याच्या मागून म्हणता? मी पहिले दोन महिने मागून म्हणत होतो आणि मला वाटायचं, वा, सगळं येतंय. काही येत नव्हतं. त्या शांततेत चुकीचं का होईना, पण आधी आपण बोलायचं. पॉल पिम्सलर या भाषातज्ज्ञांनी 1967 मध्ये हेच मांडलं: नवा शब्द 5 सेकंदांनी विचारा, मग 25 सेकंदांनी, मग 2 मिनिटांनी, 10 मिनिटांनी, मग तासानं, असं अंतर वाढवत. विसरायच्या जरा आधी आठवायला लावायचं. नुसतं मागून म्हटलं तर आठवावं लागतच नाही. शांतता पुरत नसेल तर सरळ थांबवा. मिशेल थॉमस यांच्या कोर्समध्ये तर थांबवायचं सांगूनच ठेवलंय: वर्गात दोन विद्यार्थी, तिसरे आपण, आणि वही-पेनला मनाई. तुमच्या गाण्याच्या क्लासशी जमेल ते. ‘लँग्वेज ट्रान्सफर’ या संकेतस्थळावर इटालियनची ओळख फुकट आहे, तीही ऐका.

बिअरचे धडे सोडू नका. क्रियापदं त्यातच आहेत. बिअरच्या जागी ताक घाला.

चिमणबाग_बडोदे

वहीबद्दल माझं मत: जरूर घाला, पण धडा झाल्यावर, आणि देवनागरीतच. इटालियनचे त-द आपल्या त-दसारखे दातांवरचे, इंग्रजीसारखे नाहीत. त्यांच्या अक्षरांत लिहिलंत की इंग्रजीची सवय मध्ये येते. ‘che’ दिसेल तिथे ‘चे’ वाचाल, असतं ते ‘के’. जोडाक्षराला जपा. नोनो म्हणजे नववा, नोन्नो म्हणजे आजोबा. इंग्रजीतून शिकणारे यावर फार घाम गाळतात. आपल्याला ‘दिली’ आणि ‘दिल्ली’ यात गोंधळ होतो का कधी?

‘ग्रात्स्ये’ (म्हणजे आभार) यातला आवाज म्हणजे चमच्यातला च. चहातला नव्हे. (ग्वाल्हेर-इंदूरची मंडळी हिंदीच्या शेजारानं चमच्यातही चहातलाच च घालतात असा आमच्याकडे आरोप आहे. रागावू नका.)

आणि तुमच्या स्तांको-स्तांकावरून सांगते. जिथे तो इंग्रजी बोलणारा मास्तर अर्धा धडा समजावत बसेल, तिथे तुम्ही मराठी आठवा. ‘मी गेलो’, ‘मी गेले’: सोनो आंदातो, सोनो आंदाता. झालं. त्याहून गंमत म्हणजे, ब्रेड खाल्ला का? ‘लो मान्जातो.’ पित्सा खाल्ला का? त्यांच्याकडे पित्सा बाई आहे, म्हणून ‘लो मान्जाता’. तो खाल्ला, ती खाल्ली. खाणारा कोण याच्याशी घेणंदेणं नाही, जे खाल्लं त्याच्यावर शेवट. भात खाल्ला, पोळी खाल्ली हे आपण दोन वर्षांचे असल्यापासून करतोय. मी हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा भांडी घासत होते, तशीच हात ओले ठेवून उभी राहिले.

एक धोक्याची सूचना: पादोव्याच्या बाजूला घरात बरेच जण वेनेतो बोलतात, ती कोर्सातली नव्हे. विहीणबाई लेकाशी बोलताना काही कळलं नाही तर स्वतःला दोष देऊ नका. ‘चाव’ (त्यांचा रामराम) हेही तिकडूनच आलंय, मुळात अर्थ ‘आपला दास’.

सिंपल_सोल्यूशन

एवढा खटाटोप कशाला? भाषांतराचं ॲप आहे ना. फोन मध्ये धरायचा.

दौलतगंजची_माई

@सिंपल_सोल्यूशन, मग लग्नातही फोनच बसवला असता शेजारी.

किल्ल्याखाली

माई, मीही ग्वाल्हेरचाच. डिसेंबरात जयविलास दाखवालच ना? 1874 चा महाल, आराखडा मायकेल फिलोसेंचा, घराणं मूळ इटलीचं. तिथे ज्याच्याकडे बोट दाखवाल त्याची दहा वाक्यं आत्ताच लेकीकडून तिच्या आवाजात भरून घ्या. झुंबर, जिना, हत्ती. बाईच्याच आवाजात, म्हणजे स्तांकोची भानगड नाही.

दौलतगंजची_माई

सगळ्यांचे आभार, उशीर झाला. लेकीनं 22 वाक्यं भरून पाठवली, गुडघ्याची धरून. शांततेत बोलायला लागल्यावर कळलं की 26 पैकी 9 धडे खरे झाले होते. पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. बडोदेकर, चमच्याचा आरोप कबूल. आमचे हे तीन दिवस आरशासमोर ‘चमचा, चमचा’ करत होते, शिकतेय मी आणि सुधारतायत ते.

परवाचं सांगते. आम्ही रोज आपल्या साडेपाचला फोन करतो, तिकडे दोन वाजलेले असतात. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी त्यांची घड्याळं तासभर मागे जातात, साडेतीन तासांचं अंतर साडेचार होतं. भूगोलाची मास्तरीण, आणि मीच विसरले. फोन लावला तर त्या जेवायला बसलेल्या, हातात काटा. लेक जवळ नव्हती. मी विचारलं, ‘के कोझा मान्जा?’ ‘पोलेंता,’ म्हणाल्या आणि ताटलीच कॅमेऱ्यासमोर धरली. मक्याचा जाडसर रवा घट्ट शिजवलेला, पिवळाधम्मक, वर मश्रूम. मग हळूहळू, एकेक शब्द सोडत, मी त्यांची कोण ते त्यांनी सांगितलं: ‘कोन्स्वोचेरा’. दोनदा म्हणवून घेतलं माझ्याकडून. अहो, त्यांच्याकडे ‘विहीण’ला शब्द आहे! इंग्रजीत नाही, म्हणून कोर्सात कुठून येणार.

मग म्हणाल्या, ‘दियामोची देल तू.’ हे मात्र लेकीला विचारावं लागलं. आता एकमेकींना ‘तू’ म्हणूया, असा अर्थ. मी तोंडानं ‘सी, सी’ म्हटलं. पण विहिणीला तू? आमच्या आईनं ऐकलं असतं तर घरात घेतलं नसतं. पुढच्याच वाक्यात माझ्या तोंडून परत ‘लेई’, म्हणजे ‘तुम्ही’, निघालं, आणि त्या काटा खाली ठेवून हसत सुटल्या.