सीलिअॅक असलेल्या आईला अलकापुरीत जेवायला न्यायचंय

प्रश्न: बाबांची एकसष्टी आहे. बडोद्याच्या अलकापुरीतल्या एका मोठ्या शाकाहारी हॉटेलात जायचं ठरतंय. आईला सीलिअॅक, म्हणजे गव्हातल्या ग्लूटेननं आतड्याला इजा होते; गव्हाचा कणही चालत नाही. फोन केला तर म्हणाले, "जैन मिळेल." तिनं नुसतं ताक पिऊन बसू नये, एवढंच वाटतं. काय काय विचारू?

उत्तर १: जैनमध्ये कांदा-लसूण, कंदमुळं नसतात, गहू असतोच. आधी हिंगाचं विचारा. बाजारच्या डबीतल्या हिंगात बऱ्याचदा मैदा असतो, आणि बडोद्यात डाळ-कढी हिंगाशिवाय होते कुठे? मुलासाठी मी तांदळाच्या पिठातला हिंग पर्समध्ये नेते, फोडणी वेगळ्या कढल्यात करून घेते. वेटरशी नको, शेफशीच बोला, तेही दुपारी चारच्या सुमारास. तेव्हा त्यांना उसंत असते.

उत्तर २: तळणही बघा हो. पुऱ्यांच्या तेलातली भजी नकोच. ढोकळ्यात, हांडव्यात रवा घालतात का, तेही विचारा.

प्रश्नकर्ती: शेफशी बोलले. फार आपुलकीनं ऐकलं त्यांनी! पातेलं वेगळं ठेवतील, हिंग आमचा. श्रीखंड चालेल ना?

उत्तर १: साधं असेल तर खुशाल. फक्त वाढायचा चमचा वेगळा मागा, पुरीचा चुरा लागलेला नको.