मदत हवी आहे: एकाच सोर्समधून दोन व्हिम, सर्व्हरवाल्याची एक्सपासून सुटका झाली, पण पुढे?

नमस्कार मंडळी,

आमच्या सर्व्हरना ना स्क्रीन ना माउस, सगळं काम एसएसएचवरून (दुरून टर्मिनलने). डेबियन लिनक्सचं तयार व्हिम (टेक्स्ट एडिटर) चाललं असतं, पण त्यात एक आमचा पॅच घालायचाय. म्हणून एकाच सोर्समधून दोन पॅकेजं काढतोय: डेस्कटॉपसाठी जीटीके-३ (खिडक्या-बटणं काढणारी लायब्ररी) वालं, आणि सर्व्हरसाठी बिनग्राफिकल. (कृपया डेबियनचं 'नॉक्स' व्हिम, म्हणजे एक्स ही खिडक्या दाखवणारी प्रणाली नसलेलं, 'घे' असं सुचवू नका. नॉक्स म्हणजे हलकं, हा गैरसमज आहे. एक्स नसलं तरी पर्ल, पायथन, रुबी, टीसीएल, लुआ या भाषांची सगळी वरात येते.)

सर्व्हरवाल्याला कॉन्फिगर करताना '--एनेबल-जीयूआय=नो' (ग्राफिकल खिडकी नको) दिलं. बिल्ड सुरळीत झाला. कोऱ्या कंटेनरमध्ये टाकायला गेलो तर एपीटी (पॅकेज बसवणारं साधन) म्हणतं, लिबएक्स११, लिबएक्सटी, लिबएसएम, लिबआयसीई या एक्सच्या लायब्ररी पण आणतो. चक्रावलोच! पॅकेजची माहिती असलेल्या कंट्रोल फाइलमध्ये यातलं एकही नाव मी लिहिलेलं नाही, तिथे फक्त 'शलिब्स:डिपेंड्स' आहे (त्याच्या जागी बायनरीला लागणाऱ्या लायब्ररींची नावं आपोआप भरली जातात). म्हणजे नावं बायनरीतूनच आलेली. रीडएल्फ या कमांडने बायनरीच्या 'नीडेड' (लागणाऱ्या लायब्ररींच्या) ओळी काढल्या, तर चौघेही तिथे ठाण मांडून.

बराच वेळ घालवल्यावर कळलं की जीयूआय नको म्हटलं तरी टर्मिनलमधलं व्हिम क्लिपबोर्डसाठी आणि खिडकीच्या शीर्षकासाठी एक्सशी बोलतं. बिल्ड मशीनवर एक्सच्या हेडर फाइली सापडल्या की कॉन्फिगर त्या न विचारता उचलतं, आणि जीटीकेसाठी त्या तिथे असणारच. '--विदाउट-एक्स' वेगळं दिलं तेव्हा कुठे चौघे गेले. 'व्हिम --व्हर्जन'मध्ये 'एक्सटर्म_क्लिपबोर्ड'च्या आधी आता उणे चिन्ह दिसतंय.

आता खरा प्रश्न. दोन्ही पॅकेजं '/यूएसआर/बिन/व्हिम' मागतात. डेबियनचं व्हिम बायनरींना वेगवेगळी नावं देऊन अपडेट-अल्टरनेटिव्ह्ज (त्यातलं कुठलं 'व्हिम' नावाने चालेल ते प्रायॉरिटीने ठरवणारं साधन) वापरतं, त्यामुळे वेगवेगळी पॅकेजं शेजारी नांदतात, रनटाइम फाइलींचं पॅकेजही सामायिक. ईमॅक्स या दुसऱ्या एडिटरचे लोक मात्र आपल्या जीटीके आणि नॉक्स पॅकेजांत सरळ 'कॉन्फ्लिक्ट्स' (दोन्ही एकत्र बसू नयेत) लावतात. मला दुसरं बरं वाटतंय, कारण आमच्याकडे एका मशीनवर दोन्ही लागत नाहीत आणि अल्टरनेटिव्ह्जची प्रायॉरिटी सांभाळायचा कंटाळा. पण कॉन्फ्लिक्ट्स लावल्यावर एकावरून दुसऱ्यावर जाताना पोस्टइन्स्ट-प्रीआरएम (पॅकेज बसल्यावर आणि काढण्याआधी चालणाऱ्या) स्क्रिप्टमध्ये कुणाला काही अडलं आहे का?

एक बारीकसं अजून: पुढे कुणी '--विदाउट-एक्स' फ्लॅग विसरलं तर बिल्डच पडावा म्हणून सबस्टव्हार्स फाइलीत (जिथे लायब्ररींची ती आपोआप नावं लिहिली जातात) 'लिबएक्स११' शोधायची ओळ टाकणार आहे. ती नावं काढणाऱ्या 'डीएच_शलिबडेप्स' कमांडच्या ओव्हरराइडमध्ये, मूळ कमांडनंतर टाकली तर चालेल ना? की तुम्ही हे काम ऑटोपीकेजीटेस्टवर (तयार पॅकेज तपासणाऱ्या साधनावर) सोडता?